खिळ्यांची झांज व इतर मिळकत

मी, श्रीमती सत्यवती गुरुप्रसाद मालंडकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शाखा डाकपाल, राहणार मौजे आचरा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय आणि कोणी शिकवल्याशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. एक गुडघा नवा आहे, एक जुना. कान दोन्ही उत्तम आहेत. वैद्यकीय दाखल्यात त्याची वेगळी नोंद करा असे मी डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी ती केली आहे. म्हातारीला ऐकू येत नव्हते असे पुढे कोणी म्हणू नये.

मी रागात आहे. मसुदा वाचून वकील म्हणाले, “आजी, मृत्युपत्रात राग नको. शांत भाषेत लिहू.” राग आला म्हणजे बुद्धी गेली असा कायदा असल्यास मला दाखवा, असे मी म्हटले. त्यांनी दाखवला नाही. म्हणून मजकूर माझाच आहे. कलमांचे आकडे तेवढे त्यांचे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे सांगून कोणी कागद पुढे केला, तर तो खोटा समजावा.

कलम १. माझ्या पतीविषयी

माझे पती कै. गुरुप्रसाद विठ्ठल मालंडकर हे मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवीत. वाक्य साधे आहे, पण आमच्या घरात ते कधी कोणी पूर्ण उच्चारले नाही. सासूबाई “झिल हाटेलात आसा” एवढेच सांगत, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावे की मुलगा गल्ल्यावर बसतो. वाडीतले लोक “बँडवालो” म्हणत, म्हणजे वरातीतला.

आमचे लग्न १९६८ साली झाले. माझे माहेर वालावल. मी मॅट्रिक झालेली होते, पुढे इथल्या शाखा डाकघरात लागले. ते चतुर्थीला आणि मे महिन्यात येत. जितेंद्र पोटात असताना मी एकदा म्हटले, “तुमी वाजवतास ता माका येकदा ऐकूचा आसा. माका मुंबैक व्हरा.”

ते हसले. चिडले असते तरी मी समजले असते.

“तुका काय कळतला गो त्यातला?” असे म्हणून ते आंब्याच्या पेटीला दोरी बांधू लागले. मी पुन्हा विचारले नाही.

१९८७ साली ते कायमचे परत आले. सोबत ड्रमचा संच होता, गोणपाटात शिवलेला. तो त्यांनी माळ्यावर चढवला. का परत आलात ते सांगितले नाही. पुढे सोळा वर्षे ते माझ्यासमोर पडवीत बसले. पेपर वाचला, सुपारी कातरली, नातीला खेळवले. पण हाताशी खांब होता, त्यावर कधी बोटसुद्धा वाजवले नाही. एका वर्षी गणपती पोचवताना वाडीतल्या एकाने त्यांच्या गळ्यात प्लास्टिकचा ढोल अडकवला आणि ओरडला, “वाजव रे बँडवाल्या!” सगळे हसले. यांनी ढोल काढून खाली ठेवला, घरी आले आणि पेज जेवले. त्या माणसाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याची मुले चांगली आहेत. पण तो माझ्या दिवसकार्याला आल्यास त्याला पडवीत बसायला देऊ नये. बाहेर अंगणात, खळ्यात बसावे.

२००३ साली हे गेले. मला वाटत असे की हा माणूस वाईट वाजवत असणार. लाज वाटते म्हणून लपवत असणार. पुढे एकवीस वर्षे मी ती लाज माझी समजून सांभाळली. कोणी विचारले तर मीही “हाटेलात होते” असेच सांगत आले.

कलम २. ध्वनिमुद्रिका, तिचे हक्क आणि तिच्यावरचा मजकूर

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून कौस्तुभ नावाचा तरुण आमच्या घरी आला. जुन्या हॉटेल-बँडची ध्वनिमुद्रणे गोळा करणे हा त्याचा नाद. माझ्या पतींचे वादन त्याला ठिकठिकाणी सापडले होते: हॉटेलात केलेले, रेडिओसाठी केलेले, सिनेमाच्या स्टुडिओतले, आणि एक कोणाच्या तरी घरी केलेले. त्यांतली अकरा निवडून तो एक ध्वनिमुद्रिका काढणार होता. वारस म्हणून माझी सही हवी होती. मी दिली. फोटोही दिला.

गेल्या वर्षी श्रावणात पार्सल आले. जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात दोन काळ्या तबकड्या, पाकिटावर यांचा फोटो आणि नाव “गस मालंड”. गस म्हणजे गुरुप्रसाद. जॅझ वाजवणारा म्हणजे गोव्याचा ख्रिस्ती, गोंयकारच असला पाहिजे अशी हॉटेलवाल्यांची समजूत होती, म्हणून हे गस झाले आणि मालंडकरांतले ‘कर’ही गळाले. आमच्याकडे तबकडी वाजवायचे यंत्र नाही. जितेंद्रची मुलगी रिया तेव्हा सुट्टीला आली होती. तिने तीच अकरा वादने मोबाईलवर घेतली, एक छोटा स्पीकर आणला आणि पडवीत लावून दिला. मी कुळीथ निवडीत होते.

पहिला ट्रॅक मला आजही आवडत नाही. तेव्हा हे तरुण असावेत. येते तेवढे सगळे एका दमात दाखवायची घाई आहे आणि बाकीचे वादक बिचारे सोसताहेत. मी मनात म्हटले, बरोबर, माझा अंदाज खराच होता. दुसराही तसाच. रिया म्हणाली, “आजी, बंद करू?” मी म्हटले, “रवांदे.”

तिसऱ्यात एक बाई गाते. आवाज लहान आहे तिचा. हे काठ्यांनी वाजवत नाहीत, तारांच्या ब्रशने वाजवतात, आणि सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज गोल गोल फिरत राहतो. बाईचा श्वास ओळ संपायच्या आधी संपतो. दर वेळी. आणि दर वेळी ब्रश जरासा रेंगाळतो, तिला दम घेऊ देतो, आणि मग दोघे एकदम पुढे जातात. ऐकणाऱ्याला वाटावे की गाणेच तसे बांधलेले आहे. तिची उणीव त्यांनी झाकली आणि झाकल्याचेही कळू दिले नाही. मी कुळीथाचे सूप खाली ठेवले.

चौथा ट्रॅक संथ आहे. त्यात एक झांज आहे. तिच्या कडेला यांनी स्वतः भोके पाडून सैल खिळे बसवले होते, असे त्या बँडच्या पियानोवाल्याने कौस्तुभला सांगितले. तिच्यावर एक हलका ठोका पडला की फोडणीत कढीपत्ता टाकल्यासारखी ती चरचरते आणि चरचर हळूहळू विझत जाते. खुबी अशी की ती पुरती विझेपर्यंत हे दुसरा ठोका मारत नाहीत. दुसरा कोणी असता तर ती मोकळी जागा भरून टाकली असती. यांना ती मोकळी ठेवता येत होती. सॅक्सोफोनवाला त्या जागेत अलगद पाय टाकतो.

सातव्यात सगळे थांबतात आणि हे एकटे वाजवतात. एकट्याने वाजवायचे म्हटले की माणूस जोर करतो. हे हळू होत जातात. इतके हळू की मागे कोणीतरी बशीत चमचा ठेवल्याचे ऐकू येते. नंतर तेही ऐकू येत नाही. ते हॉटेल होते. माणसे जेवायला आली होती, आणि ती जेवायची थांबली.

नवव्यात हे प्यायलेले आहेत. ठेका सुटलेला नाही, पण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगताहेत. दहावा सिनेमाच्या स्टुडिओतला, तो नोकरी केल्यासारखा वाजवला आहे. अकराव्यात फक्त पियानो आणि हे. तो १९८५ सालचा. तोपर्यंत स्टुडिओत ताल देणारी यंत्रे आली होती आणि यांना बोलावणे बंद होत चालले होते, हेसुद्धा मला कौस्तुभकडून कळले. ज्याच्यासोबत मी संसार केला त्याचे काम कसे गेले, हे मला पुण्याच्या एका परक्या मुलाने सांगितले.

वादन संपल्यावर रियाला वाटले मी रडेन. मला रडू आले नाही, संताप आला. वाईट वाजवत असते तर लपवले ते मी माफ केले असते. हा माणूस असे वाजवत होता आणि ते मला ऐकवावे असे त्याला वाटले नाही. ते गाणाऱ्या बाईला श्वास देत होते, जेवणाऱ्यांचे चमचे थांबवत होते, आणि मला “सर्व क्षेम” एवढे दोन शब्द मनिऑर्डरीच्या कुपनावर पाठवत होते. मला काय कळणार, हे त्यांनी न विचारता ठरवले होते. मला पहिल्याच दुपारी कळले.

त्यानंतर मी रोज ऐकत आले. शेजारच्या काशीबाई पहिल्या आठवड्यात कुंपणावरून म्हणाल्या, “ह्या काय गो लावलंस? भांडी पडल्यासारख्या?” महिन्याभराने त्याच विचारू लागल्या, “आज ता चरचरता ता लावलंस नाय?”

आता पाकिटावरच्या मजकुराविषयी. तो कौस्तुभने लिहिला. त्यात म्हटले आहे की गस मालंड यांना समुद्राच्या लाटांनी ताल शिकवला, आणि दशावताराचा मृदंग त्यांच्या हातात जन्मापासून होता. माझ्या पतींना होडी लागत असे. देवबागच्या खाडीत दहा मिनिटे बसवले तरी उलटी करत. समुद्राकडे ते पाठ करून बसत. दशावतारात ते झोपत. मी कौस्तुभला फोन केला.

“आजी, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी चित्र उभं राहायला हवं ना,” तो म्हणाला.

“मग खरं उभं करा. एका गोंयकार मास्तरांकडे ते सात वर्षं शिकले, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. सकाळी उशीवर सराव करायचे, खालच्या भाडेकरूंना त्रास नको म्हणून. हेही तुम्हीच सांगितलंत. ते का नाही लिहिलं?”

“त्यात विशेष काय, असं वाटलं.”

“कष्ट करून शिकले म्हटलं की तुमचं चित्र बिघडतं?”

मुलगा वाईट नाही. पण त्यानेच आणखी एक वाक्य लिहिले आहे: “त्यांच्या खासगी आयुष्याविषयी कोणालाच काही ठाऊक नव्हते.” ते खासगी आयुष्य मी आहे. माझा पत्ता टपालखात्याला ठाऊक होता. आणि त्याच आयुष्याच्या अंगणात चहा पिऊन, सही घेऊन हा गेला होता.

म्हणून असे ठरवते: वारस म्हणून या ध्वनिमुद्रणांवर माझा जो हक्क आहे तो माझी मुलगी अनुजा आणि नात रिया यांना मिळून जावा. पुढची आवृत्ती निघाल्यास समुद्र, मृदंग आणि वरचे वाक्य काढावे, मास्तरांचा आणि सरावाचा उल्लेख घालावा, नाव पूर्ण छापावे: गुरुप्रसाद मालंडकर. तसे करायचे नसल्यास परवानगी देऊ नये. आणि तांदूळ पाखडण्याची उपमा मी वर दिली आहे, ती मला समजायला सोपे जावे म्हणून. आमच्या घरातल्या सुपावरून ते ब्रश शिकले असे कोणी लिहिल्यास अनुजाने त्याला नोटीस पाठवावी.

कलम ३. ड्रमचा संच

या वर्षी माघात माझ्या दिराची नात पूजा हिचा साखरपुडा झाला. तारकर्लीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये केला होता. नाव लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात नको. आम्ही बायका हिरवळीवर खुर्च्या मांडून बसलो होतो. जेवण लागले हे सांगायला आतून एका वेटरने काहीतरी वाजवले.

ते चरचरले आणि विझू लागले.

हा आवाज मी सहा महिने रोज ऐकत होते. मला तो आवाज माझ्या मुलांच्या हाकेसारखा ओळखू येतो. मी हातातले सरबत खाली ठेवले आणि आत गेले. काउंटरशेजारी दोरीला झांज टांगली होती, कडेला खिळे. माझी समजूत होती की संच माळ्यावर गोणपाटात आहे. या गुडघ्यांनी मी माळ्यावर चढत नाही, म्हणून पाहिले नव्हते. मी मागे वळले. मोठा ड्रम भिंतीशी ठेवला होता. पुढचे कातडे कापून आत दिवा बसवला होता, वर काच टाकून टेबल केले होते. कातड्याच्या उरलेल्या तुकड्यावर “गस” एवढी अक्षरे दिसत होती. दुसऱ्या एका ड्रममध्ये मनीप्लांट. लहान ड्रमवर उशी ठेवली होती, आणि त्यावर पाहुण्यांचे एक मूल बसून कुल्फी खात होते.

मी मुलाला उठवले. मग दोरी सोडू लागले.

मॅनेजर धावत आला. “आजी, हात लावू नका. डेकोरेशन आहे ते. अँटिक.”

“ती माज्या घोवाची झांज आसा. खाली काढ.”

“आम्ही रीतसर विकत घेतलंय सगळं. आचऱ्याच्या जितेंद्र मालंडकरांकडून.”

जितेंद्र दारात ताट घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने ताट कुठे ठेवावे ते शोधायला सुरुवात केली. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्या वर्षी, मी इस्पितळात असताना, त्याने संच विकला होता.

“आये, हळू बोल. लोक बघतत.”

“बघूंदेत. माका इचारलंस?”

“माळ्यार कुजत होती ती पिंपां! कोण वाजवतलो होतो?”

“माका इचारलंस काय, ता सांग.”

“तू तरी खंय ऐकलंस कधी बाबांका?” तो ओरडला. सगळ्यांसमोर ओरडला. बापाने मला ऐकवले नाही हे त्याला ठाऊक होते, आणि तेच त्याने माझ्या अंगावर टाकले.

“ऐकलंय. रोज ऐकतंय. तूच ऐकूक नाय.”

मी त्या लहान ड्रमशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सांगितले की संच निघाल्याशिवाय मी निघणार नाही. यांनी १९९९ साली करून दिलेल्या बक्षीसपत्राने घर आणि घरातील सर्व चीजवस्तू माझ्या नावे आहेत, संच माझा आहे, विकणाऱ्याला विकायचा अधिकार नव्हता, हेही सांगितले. मालकाला फोन गेला. मालक आला. आधी हसला, मग समजुतीचे बोलला, मग पोलिसांचे नाव काढले. मी म्हटले, बोलवा. बाहेर जेवणे थंड होत होती. शेवटी मालक म्हणाला, पैसे परत मिळाले तर न्या. जितेंद्रने खिशात हात घातला नाही. अनुजाने भरले. तिचे कसालला औषधांचे दुकान आहे. तिनेच फोन करून टेम्पो मागवला.

संच पुढीलप्रमाणे द्यावा. कौस्तुभने सुचवले की शहरातले एक संग्रहालय तो काचेत ठेवील. नको. काचेखालून तो एकदा काढून आणला आहे. संपूर्ण संच, खिळ्यांच्या झांजेसह, कलम ५ मध्ये लिहिल्याप्रमाणे कुमारी सलोनी धुरी हिला द्यावा.

कलम ४. पूजा

माझ्या कुड्या, मोत्यांच्या, सासूबाईंनी दिलेल्या, पूजाला द्याव्यात. तिच्या साखरपुड्याच्या फोटोंत एका बाजूला मी ड्रमजवळ बसलेली दिसते. मुलीचा त्यात काही दोष नव्हता. मी केले ते चुकीचे होते असे मात्र मी लिहिणार नाही. कुड्या पाहुणचार म्हणून आहेत, भरपाई म्हणून नाहीत.

कलम ५. सलोनी

त्या दिवशी टेम्पो आला तो कुडाळच्या धुरींचा. पुढच्या सीटवर त्यांची मुलगी बसली होती. जत्रांच्या ऑर्केस्ट्रात ती ड्रम वाजवते, आणि त्या दिवशी बाप तिला कार्यक्रमाला सोडणार होता. रिसॉर्टचे दोन कामगार मोठा ड्रम ओढू लागले तेव्हा ती आत आली.

“ओढू नकात रे! आदी सुटो करूक होयो.”

तिने काच काढली, दिवा काढला, एकेक पेच सोडवला. खिळ्यांची झांज दोन्ही हातांत धरून ती माझ्याकडे वळली. “आजी, ह्या कोणी केला?” “माज्या घोवान,” मी म्हटले. तिचा कार्यक्रम चुकला. बाप चिडला, तिने लक्ष दिले नाही.

म्हापशाहून नवी कातडी आणून तिने ती चढवली आणि चैत्रात आमच्या खळ्यात संच मांडला. मग जे बडवायला सुरुवात केली, काशीबाईंची म्हैस दावे तोडायला लागली. पहिला ट्रॅक हजार पटीने. मी थोडा वेळ सोसले, मग खळ्यात गेले.

“हळू.”

“आजी, हळू वाजवलंय तर मागच्यांका ऐकाक येवचा नाय.”

“येतला. ते आपणच गप रवतले.”

मी खुळी असल्यासारखे तिने माझ्याकडे पाहिले. मी स्पीकर आणून सातवा ट्रॅक लावला. चमच्याचा आवाज आला तिथे तिने मान वर केली. मग काठ्या मांडीवर ठेवल्या.

“आजी, तुमी वाजवतास?”

“नाय. ऐकतंय.”

तेव्हापासून ती दर सोमवारी येते. मी शिकवत नाही, मला येत नाही. ती वाजवते आणि मी कुठे खोटे वाजले ते सांगते. ती भांडते. एकदा काठ्या टाकून निघून गेली होती, आणि पुढच्या सोमवारी आली. झांज विझेपर्यंत थांबायला ती अजून शिकलेली नाही. जत्रेत कोण थांबू देणार, असे तिचे म्हणणे. ते खरे असेल. पण तिला राग येतो तेव्हा ती मोठ्या ड्रमवर एकच ठोका असा देते की मला गुरुप्रसाद मालंडकरांची आठवण अजिबात येत नाही. तो तिचा स्वतःचा आहे.

म्हणून संच तिला. अटी दोन. संच शोभेसाठी मांडू नये. आणि त्यांच्यासारखे वाजवू नये. ते ऐकायचे असेल तर तबकडी आहे. अडचण आल्यास तिने संच विकायला माझी हरकत नाही, पण वाजवणाऱ्यालाच विकावा.

कलम ६. जमीन, ठेवी, दागिने

वालावलची काजूची बाग मला माझ्या वडिलांकडून मिळाली आहे. ती अनुजाला. बँकेतील आणि पोस्टातील ठेवी रियाला, तिच्या शिक्षणासाठी. तपशील त्या त्या ठिकाणी आहे, इथे लिहून लोकांच्या जिभेला काम देत नाही. कुड्या सोडून बाकी दागिने अनुजा आणि जितेंद्रची पत्नी यांनी निम्मे निम्मे घ्यावेत. सुनेशी माझे भांडण नाही. संच विकला तेव्हा ती “आयेक इचारा” म्हणाली होती, असे रियाने मला सांगितले.

कलम ७. क्रियाकर्म आणि माझे पती

माझी उत्तरक्रिया इथेच करावी. वाडीची रीत असेल ते सर्व करावे. फोटो यांच्या फोटोशेजारी लावू नये. समोरच्या भिंतीवर लावावा. मला त्यांना अजून पुष्कळ बोलायचे आहे आणि ते तोंड समोर असल्याशिवाय होत नाही. त्यांना माफ केले का, असे अनुजाने मला विचारले. नाही. सोळा वर्षे आम्ही दोघे एका पडवीत होतो. संच वर होता, शिडी होती, दोघांचेही पाय तेव्हा धड होते. एक दुपार पुरली असती. त्यांच्यावर यंत्राने अन्याय केला, गावाने केला, हे मी मान्य करते आणि त्या दोघांवरही माझा राग आहे. पण ती दुपार त्यांनी स्वतः दिली नाही. ते फार मोठे वादक होते. त्यामुळे राग कमी होत नाही.

कलम ८. राहते घर आणि जितेंद्र

मौजे आचरा येथील राहते घर, खळे, विहीर आणि मागची माडांची जागा अनुजा आणि जितेंद्र यांना समान हिश्शाने. अनुजाचा हिस्सा माझ्या मृत्यूनंतर लगेच तिचा. जितेंद्रच्या हिश्शाला अट आहे.

या वर्षी चतुर्थीला तो आला होता. मी त्याला पडवीत बसवले आणि ध्वनिमुद्रिका लावली. पहिल्या ट्रॅकला त्याने मोबाईल पाहिला. दुसऱ्याला माडांच्या दराविषयी बोलला. तिसऱ्याला उठला. “बरा आसा गो आये, पण लांबलचक आसा,” म्हणाला आणि मासळीबाजारात गेला. चौथा ट्रॅक मी आणि काशीबाईंनी ऐकला.

तो बापाचा मुलगा आहे आणि घरावर त्याचा हक्क आहे असे मला वाटते, म्हणून मी त्याला वगळत नाही. परंतु माझ्या मृत्यूपासून एक वर्षाच्या आत त्याने या घराच्या पडवीत बसून अकराही ट्रॅक क्रमाने, एका बैठकीत ऐकावेत. अनुजा हजर असावी. मोबाईल बंद असावा. ऐकताना बोलू नये, चहा मागू नये. आवडले पाहिजे अशी अट नाही. रडू आले पाहिजे अशी तर मुळीच नाही. त्याने ऐकले असे अनुजाने लिहून दिले की हिस्सा त्याचा. वर्षात न ऐकल्यास तो हिस्सा रियाचा.

तोपर्यंत घराची किल्ली अनुजाकडे राहील. मध्ये उठल्यास पुन्हा पहिल्यापासून ऐकावे.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा अधिकार मी अनुजाला देते. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्यादेखत खाली सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही हे त्यांना माहीत आहे.

ठिकाण: आचरा, तालुका मालवण
दिनांक: ३ डिसेंबर २०२५

सही
(सत्यवती गुरुप्रसाद मालंडकर)

साक्षीदार, ज्यांनी एकमेकांसमोर व लिहून देणाऱ्या बाईंसमोर सह्या केल्या:

१. श्रीमती काशीबाई शंकर तोरसकर, आचरा. सही

२. डॉ. विनीत दत्तप्रसाद केळुसकर, मालवण. सही
(लिहून देणाऱ्या बाई शुद्धीत आहेत. दोन्ही कानांची श्रवणशक्ती तपासली, उत्तम आहे.)